शेवरी पुढं उभी राहिली पाहिजे

मु. बोरतळी, तालुका उदगीर,
जिल्हा उस्मानाबाद (खोडले), लातूर

तीर्थस्वरूप सरजाअक्कास,

धाकट्या ज्ञानोबाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दाजींनाही दंडवत सांग आणि त्यांचा गुडघा आता जिना चढू देतो का ते कळव. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. वर जिल्ह्याचं नाव खोडलेलं दिसेल, त्याला हसू नकोस. लातूर जिल्हा होऊन वर्ष होत आलं, तरी हात जुन्याच नावाकडे जातो. (ढगांचंही तसंच झालं असावं. त्यांची बदली अजून नव्या जिल्ह्यात झालेली दिसत नाही.) विहिरीत दोर संपतो, पाणी लागत नाही. हे पत्र माय स्वतः पिशवीत घालून आणते आहे आणि तू ते तिला मोठ्यानं वाचून दाखवावंस, असं तिनं बजावलं आहे. मी तिच्याबद्दल काही वेडंवाकडं लिहिलं तर तिला तिथल्या तिथं कळायला पाहिजे म्हणे. तेव्हा नीट खणखणीत वाच.

तू मागच्या कार्डात लिहिलं होतंस की नदीला अजून पाणी आहे, दाजींच्या ओळखीनं चाराही मिळतोय, तर शेवरीला आणि मायला, दोघींना पाठव. मी कार्ड वाचून दाखवलं. मायनं गाईचं नाव ऐकलं आणि दुसरं ऐकलंच नाही. शेवरीच्या बरगड्या आता बाजेवर बसून मोजता येतात, त्यामुळे तिला पाठवायला माय एका पायावर तयार. पण स्वतः लेकीच्या दारात जाऊन राहायचं, तिच्या घरचं खायचं, हे तिला मान्य नाही. तिच्या आईनं केलं नाही, तिच्या आजीनं केलं नाही. मी म्हणालो, त्यांच्या वेळी दुष्काळ असा नव्हता. त्यावर तिनं मला तीन दुष्काळ नावानिशी सांगितले आणि विषय संपला.

मग प्रश्न आला, गाय तुझ्याकडे नांदेडपर्यंत न्यायची कशी. चालत जाईल अशी ती राहिलेली नाही. इथं संगप्पा पुढं आला. (तुझ्याबरोबर चौथीत होता तो, पाटीपेक्षा दुसऱ्याचं डोकं जास्त वापरणारा.) त्यानं हैदराबादला लिलावात मिलिटरीची जुनी पिकअप घेतली आहे. गाडी कसली, तोंड मारुतीच्या देवळासमोर असलं तर शेपूट चावडीसमोर असतं. तिच्या मागच्या हुकाला त्यानं पाण्याच्या टाकीची जुनी ट्रॉली, टाकी काढून, जोडली आणि मला म्हणाला, "मास्तर, हिला हत्ती बांधा. हत्ती बी वढती." गाडीच्या खणात एक इंग्रजी पुस्तक निघालं. गावात इंग्रजी वाचणारा मी एकटा, त्यामुळे पंचवीस माणसं भोवती जमली. मी पानं उलटली, ठळक अक्षरांतला एक आकडा दिसला, तो किलोंत करून गंभीर आवाजात सांगितला: ओढायची ताकद पंधराशे किलो. शेवरी असेल चारशेची. लोकांनी माझ्याकडे अशा आदरानं पाहिलं की खालची बारीक अक्षरं वाचायचं मला सुचलंच नाही. अक्का, माझ्या नोकरीत मी पोरांना हेच शिकवत आलो की बारीक अक्षरं आधी वाचा.

परवा निघालो. मायनं शेवरीला ओवाळलं, ट्रॉलीत चढवलं, दोन घागरी पाणी आणि कडब्याच्या पेंढ्या ठेवल्या आणि घरात जाऊन बसली, बाहेर आलीच नाही. तो उदगीरच्या बाजाराचा दिवस. तुला आपल्याकडची रीत माहीत आहे, रस्त्यावर हात करणाऱ्याला कुणी टाकून जात नाही, टाकलं तर पुढच्या सात पिढ्या ते ऐकावं लागतं. पहिला गुरुबसप्पा चढला, मग साखराबाई तिच्या कोंबड्यांसह, मग आणखी आठ-नऊ जण. प्रत्येकाचं म्हणणं एकच, मी काय जड हाय का. आणि खरंच, एकेकाला पाहिलं तर कुणीच जड नव्हतं. त्यात शेवरीनं ट्रॉलीत गावाकडे तोंड केलं आणि पार मागच्या फळीला टेकून उभी राहिली. मागं ओझं गेल्यामुळे पुढचा हूक वर उचलला जायला लागला आणि ट्रॉली रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लग्नातल्या दाजींसारखी डुलायला लागली. (दाजींनी हे वाक्य ऐकलं नाही असं समजावं.) चढावर गाडीनं मान टाकली. इंजिनातून वाफा निघाल्या. शेवरीच्या दोन्ही घागरी त्या गाडीनं पिऊन टाकल्या, आणि शेवरी कोरड्या जिभेनं बघत राहिली. ते मला बघवलं नाही. सगळ्यांना खाली उतरवून, माफी मागून, आम्ही माघारी आलो. माय दारातच उभी होती. शेवरीनं तिला पाहिलं आणि जी हंबरली, की संगप्पासुद्धा तोंड फिरवून उगाच टायर तपासायला लागला.

त्या संध्याकाळी मी पुस्तक घेऊन बसलो, शब्दकोश मांडीवर. आता तुला समजलेलं सांगतो, कारण याची मला मोठी किंमत पडली आहे. पंधराशे म्हणजे नुसती गाय नव्हे. रिकामी ट्रॉलीच नऊशेची. ती धरून, वर गाय, चारा, पाणी, भांडी, सगळं त्या पंधराशेत बसायला पाहिजे. आणि खुद्द गाडीत जी माणसं बसतात, कोंबड्या बसतात, त्यांचं वजन त्यातून वजा होत जातं. गाडी जेवढं पाठीवर घेते, तेवढं तिचं ओढणं कमी होतं. शिवाय ओझं चाकांच्या जरा पुढं असावं, मागं गेलं की ट्रॉली डुलते.

काल सकाळी सोसायटीच्या गोदामात पोत्यांच्या काट्यावर सगळं सामान मोजलं. मी कडक झालो. तुझ्या भावजयीनं, पंचफुलानं, बांधलेल्या लोणच्याच्या दोन बरण्या कमी केल्या (तुझ्याच होत्या, रागावू नकोस). मायनं तुझ्यासाठी म्हणून पाटा-वरवंटा आणून ठेवला होता, तोही परत पाठवला. आश्चर्य म्हणजे तिनं एका शब्दानंही वाद घातला नाही. मग मी म्हणालो, शेवरीला उदगीरला मोठ्या काट्यावर घेऊ. तिथं माय आडवी आली. "गाय काट्यावर कधी चढती ठाव हाय न्हवं? खाटकाच्या दारात. माजी शेवरी न्हाई चढायची." गाईचं वजन अंदाजानंच धरलं.

राहिला डुलण्याचा प्रश्न. शेवरी माय असेल तिकडे तोंड करते. माय गावात राहिली तर शेवरी मागं जाणार. म्हणून मी पुस्तक उघडून, बोट ठेवून मायला वाचून दाखवलं की जनावराच्या मालकिणीनं पुढच्या सीटवर बसलंच पाहिजे, नाहीतर ट्रॉली उलटते. तसं छापलंच आहे तर तिचा नाइलाज झाला. शेवरीला पोचवायला येते, दोन दिवसांत परत येते, असं कबूल केलं. म्हणाली, मग माझं बी वजन करा, मी काय कुनाला इकायची न्हाई. आणि काट्यावर जाऊन बसली, पदर दोन्ही हातांनी पोटाशी धरून. छत्तीस किलो भरलं. संगप्पा खूश झाला. "हगूर, मास्तर, लई हगूर," म्हणाला. (हगूर म्हणजे हलकं, पलीकडच्या कानडी गावांत तसंच म्हणतात.) काटा जुनाच आहे म्हणा.

तर उद्या सकाळी निघतील. वाटेत कुणालाही घ्यायचं नाही, असं संगप्पानं शेवरीच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं आहे. शेवरीला पाऊस पडेपर्यंत ठेवून घे आणि मायला तिच्या म्हणण्याप्रमाणे दोन दिवसांत एस.टी.त बसवून दे. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
ज्ञानोबा

ता.क. इथून पुढं मोठ्यानं वाचू नकोस. माय समोर असेल तर "बाकी सगळं क्षेम" म्हण आणि चष्मा पुसायला घे.

पुस्तकात मालकिणीचा उल्लेख कुठंच नाही. शेवरीला दोराच्या दोन वेढ्यांनी पुढं बांधता आलं असतं. संगप्पाच्या हे लक्षात आलं होतं, तरी मी मायला वाचून दाखवताना तो गप्प बसला. शाळेत तुझी पाटी त्यानंच फोडली होती, ती आता माफ कर.

पंचफुला सांगते, ताटातल्या दोन भाकरींतली दीड माय मागच्या दारानं शेवरीला घालते. वाट्याचं पाणीही तिकडेच जातं. मी रागावलो, विनवलं, रडलोसुद्धा. माझं ऐकत नाही. गाय तुझ्याकडे पोटभर खाऊ लागली तरच माय स्वतःच्या तोंडात घास घालेल. तेव्हा तिला परत पाठवू नकोस. ती नसली की शेवरी चाऱ्याला तोंड लावत नाही, असं खुशाल सांग. खोटं बोलल्याचं पाप माझ्या नावावर घे.

आणखी एक. काट्यावरून उतरताना मी तिला हात दिला, तेव्हा ओटीत काहीतरी टणक लागलं. वरवंटा होता. छत्तिसातून दोन किलो वजा कर. अक्का, आपली माय चौतीस किलोची उरली आहे. लहानपणी आपल्या दोघांना दोन कडेवर घेऊन तळ्यावरून यायची ती.

मी तो तिच्या ओटीत तसाच राहू दिला. आधी वाटलं, वजन जास्त दिसावं म्हणून तिनं तो घेतला असेल. मग रात्रभर विचार केला. दोन दिवसांसाठी कुणी वरवंटा नेत नाही. तिला राहायचं आहे, अक्का, तोंडानं म्हणवत नाही एवढंच. तू तिला काही विचारू नकोस. नुसता तुझ्याकडचा पाटा धुऊन ओट्याखाली ठेव.