सायन्स उजवीकडे, सायन्स डावीकडे

२६ मे

माझी खुर्ची गेली! अत्यंत जड अंतःकरणाने नोंदवते आहे. खळ्याच्या, म्हणजे आमच्या अंगणाच्या, कोपऱ्यात, तुळशीपलीकडे, माडाच्या बुंध्याला टेकलेली ती प्लास्टिकची खुर्ची. कचेरीत जायच्या आधी रोज तिथे बसून चहा घ्यायचा आणि पेपरातल्या पुढाऱ्यांना नावं ठेवायची, हा माझा वतनी हक्क. पण आमच्या वाडीत मोबाईलला धड रेंज येते ती नेमकी त्या खुर्चीत! आणि अकरावीचे फॉर्म यंदा ऑनलाइन. म्हणजे वाडीतल्या समस्त दहावी पासांचे बाप सकाळपासून माझ्या खुर्चीत. मी माझ्याच खळ्यात कप घेऊन उभी!

बापच हं. मुलं मागे छत्री धरून. एकाला विचारलं, काय रे, काय घेणार तू? तो बापाकडे वळून म्हणाला, "बाबा, मी काय घेतलंय?"

चहा थंड झाला.

२८ मे

दुसऱ्यांना हसत होते. आज आमच्याच घरात!

जेवताना गौरजा म्हणाली, "माका आयटीआयक जावचा आसा. फ्रीज-एसीचा काम शिकूचा आसा." इतकंच. माझी भावजय सोनल माशाचं कालवण वाढत होती ती वाढतच राहिली. माझ्या भाताचं बेट झालं.

सत्या — माझा धाकटा भाऊ, गौरजेचा बाप — आधी हसला. त्याला वाटलं पोर थट्टा करते आहे. मग त्याचे कान लाल झाले. "एक्क्याण्णव टक्के पडले म्हणून वाडीभर पेढे वाटलंय मी. ता काय पाने-पक्कड घेवन लोकांच्या भिंतीर चढूक?"

सोनल म्हणाली, "उद्या सोयरीक इली तर काय सांगू? चेडू गॅस भरता म्हणून?"

गौरजा मान खाली घालून काटे काढत होती. पण आवाज खाली नव्हता. "गेल्या मे म्हयन्यात पुण्याचे पावणे उठान गेले, आठवता? दोन एसी बंद, आनि कुडाळचो मेस्त्री फोन उचलीना. तुमी सगळे गेटीर उभे रवान तेची वाट बगी होतात. डॉक्टराची बगतत तशी!" मग हळूच, "लोकांनी माझी तशी वाट बगूक होयी."

आमचं होमस्टे म्हणजे चार खोल्या, चार एसी, त्यातले दोन कायम आजारी. पोर खोटं काय बोलली?

२९ मे

सत्या बोलत नाही. सोनल बोलत नाही. आज घरात फक्त मिक्सर बोलला.

१ जून

आज एक पाहुणे आले. विश्वेश सर. कोल्हापूरच्या कुठल्याशा अकॅडमीचे 'करिअर मार्गदर्शक'. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात स्वतःच्याच फोटोचं ओळखपत्र. येऊन बसले कुठे? माझ्या खुर्चीत!

"मॅडम, मुलीचं पोटेन्शियल फार मोठं आहे." मुलीकडे एकदाही न बघता त्यांनी हे ओळखलं. तिला तीनदा 'गौरी' म्हणाले. तिने एकदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. दोन वर्षं हॉस्टेल. सकाळी पाचला उठवणार, मोबाईल नाही, घरी फोन फक्त रविवारी. हे ते अभिमानाने सांगत होते! मी विचारलं, "आणि भेटायला यायचं तर अर्ज जेलरकडे करायचा का?" तर हसले. "मॅडम विनोदी आहेत."

विनोदी! अंगाची लाही लाही झाली. मी शिवी दिली आणि माणसाने ती पदवी म्हणून घेतली.

सत्या मात्र त्या रंगीत पत्रकातल्या पांढऱ्या कोटांकडे बघत होता. माझ्या या भावाला मी मूर्ख म्हणू शकत नाही, याचाच जास्त राग येतो. बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांना गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेताना गाडीत मांडीवर डोकं घेऊन हाच बसला होता. बांबोळी आलीच नाही. तेव्हापासून याला घरात डॉक्टर हवा आहे. समजतं मला. पण बाबांना वाचवायचं राहिलं त्याची भरपाई सोळा वर्षांच्या पोरीने का करायची?

४ जून

भांडले. मनसोक्त. खळ्यात फॉर्म भरायला आलेली माणसं फॉर्म सोडून ऐकत बसली.

मी म्हटलं, "सत्या, तिला एकदा विचार तरी."

"इचारूचा काय तेच्यात? पोराक इचारून कोण औषध देता?"

"ती आजारी नाही रे!"

"बाय, तू लगीन केलंस नाय, तुका पोर नाय. तुका काय कळाचा?"

यावर खळ्यातल्या माणसांनी आपापल्या फॉर्मात डोकी घातली. सत्यालाही कळलं काय बोलला ते. पण त्याने माफी मागितली नाही आणि मी रडले नाही. मी म्हटलं, "मला पोर नाही म्हणूनच मला ती माणूस दिसते." मग आत येऊन सगळे डबे पुसले. स्वच्छ होते तरी.

७ जून

नवा फतवा! सत्या उद्या आमच्या ग्रामदेवीला, सातेरीला, कौल लावणार. घर बांधलं कौलाने, होडी विकली कौलाने, होमस्टेचा रंगसुद्धा देवीने ठरवला (म्हणून तो असा आहे). आता पोरीची अकरावी.

मी खूश. हो, खूश! देवीपुढे प्रश्न तरी सरळ जाईल. आयटीआय — हो की नाही. देवी बाईमाणूस आहे. विश्वेश सरांपेक्षा तिला जास्त अक्कल असणार.

८ जून

इतका संताप आयुष्यात आला नव्हता. लिहिताना पेन कागदात रुततंय.

सकाळी सगळे देवळात. परशुराम गुरवाने पाषाण धुतला, ओल्या पाकळ्या लावल्या. एक उजव्या बाजूला, एक डाव्या. आपल्याकडे उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सत्याने परशुरामाच्या कानात प्रश्न सांगितला. परशुरामाने मान तिरकी केली. "सत्यवान, डावो म्हणजे नाय रे. डाव्याकपण तू होयच देतंस?"

"तू घाल रे गाऱ्हाणा."

आणि परशुराम सुरू झाला. "बा देवी सातेरी, गे माये! आज ह्या तुझ्या लेकरान, सत्यवानान, आपल्या चेडवाच्या शिक्षणासाठी तुझ्याकडे हात पसरल्यान. तर सायन्स कोल्हापुराक घेवचा आसात तर उजवो दी, सायन्स कुडाळाक घेवचा आसात तर डावो दी, आनि काय चूक-भूल झाली आसात ती पायाकडे घे गे माये!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले.

उजवीकडे सायन्स. डावीकडे सायन्स! साक्षात देवीला दोन रकान्यांचा फॉर्म दिला, आणि दोन्हींत सत्याचंच उत्तर! आमच्या कचेरीतले नमुने बरे, त्यांत निदान 'इतर' असा एक रकाना असतो.

माझ्या शेजारी गौरजा उभी. सगळ्यांबरोबर तिचेही ओठ हलले. होय म्हाराजा. मी तिच्याकडे बघितलं तर ती पाषाणाकडे बघत होती. टक लावून. कुठलीच पाकळी पडू नये म्हणून बघतात तशी.

आणि पडली नाही! अर्धा तास गेला. परशुरामाने पुन्हा विनवलं. "बोल गे माये, लेकरांका टांगणीक लावू नको." देवळात माशा घोंगावत होत्या. कोणाचा तरी मोबाईल वाजला, तो तिथे कसा लागला देव जाणे. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. शेवटी परशुरामानेच उतरवल्या.

बाहेर आल्यावर सत्या म्हणाला, "काय तरी चुकला. देवी रागार आसा."

मी म्हटलं, "रागावली तर आहेच! तिला कोणी असा मूर्ख प्रश्न विचारला नव्हता आजवर."

सोनलने माझ्या दंडाला चिमटा काढला. अजून काळंनिळं आहे.

९ जून

गौरजा स्वयंपाकघरात नारळ खोवत होती. म्हटलं, काल काय वाटलं तुला?

"माका कोणी इचारल्यान, आत्ये?" खोवणं थांबलं नाही. "देवीकपण इचारल्यानी. माका नाय."



११ जून

कोल्हापूर पक्कं. देवी गप्प बसली म्हणजे मनाई केली नाही, असा सत्याचा नवा शोध! विश्वेश सरांना फोनही झाला. खुर्चीतूनच! सोनल ट्रंक उन्हाला ठेवायच्या गोष्टी करते आहे, ऊन नसताना. पोरीचे डोळे कोरडे. ती ज्या शांतपणे कपडे घड्या करते आहे ते बघून हातातलं काहीतरी फेकावंसं वाटतं. रड की गो! ओरड! बापाला चाव!

आयटीआयचा अर्ज पक्का करायची मुदत शनिवारपर्यंत. अर्ज तिने कधीच भरून ठेवलाय, मैत्रिणीच्या फोनवरून. पण पालकाची सही हवी, आणि पालक आमचे देवभोळे.

संध्याकाळी सत्याला म्हटलं, "तुझा देवीवर विश्वास आहे ना?"

"ह्या काय इचारणा झाला?"

"मग तिला तिसरा प्रश्न विचारला नाहीस. आयटीआयचा. नुसता हो-नाहीचा. तिने उजवा दिला तर?"

समोर समुद्र होता, त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "देवीन सांगल्यान तर मी एक शब्द काडूचंय नाय. पण मी इचारूक जावचंय नाय, बाय. माझ्या तोंडान ता इचारवाचा नाय."

"मी जाते."

"तू?" तो हसला. आठवड्यात पहिल्यांदा. "तू देवळात जातंस ती गुरवाची चूक काडूक!"

१३ जून

कचेरीला दांडी मारून सकाळीच देवळात गेले. मी आणि परशुराम, दोघंच. प्रश्न एकच. गौरजेला आयटीआयला घालायची का? उजवा म्हणजे हो, डावा म्हणजे नाही.

घरी येऊन सत्याला सांगितलं, उजवा.

तो पायरीवर बसला. पाणी मागितलं. प्यायला नाही, नुसता तांब्या धरून बसला. मग पेन मागितलं.

१४ जून

सत्या परशुरामाला विचारून आला म्हणे. परशुराम म्हणाला, "लीलाबायन सांगल्यान तसाच." झालं. सत्याचा चेहरा उतरलेला, पण सही बदलली नाही. दिलेल्या शब्दाचा पक्का आहे गाढव.

सोनल माझ्याशी बोलत नाही. तिच्या बहिणीला फोनवर सांगत होती, "आमच्या ताईंनी देवीक पण पटवल्यानी!" ऐकू जाईल अशा आवाजात. खळ्यातून, अर्थात.

२७ जून

यादीत नाव लागलं. गौरजेने पहिलं मला नाही, बापाला सांगितलं. बरं केलं. सत्या म्हणाला, "रबराचे बूट घे चांगले. शॉक लागता."

मग मागच्या दारी जाऊन बराच वेळ उभा होता. मी गेले नाही. सगळीकडे मी असायची गरज नसते.

२ जुलै

विश्वेश सरांचा फोन. "मॅडम, तुम्ही एका मुलीचं आयुष्य उद्ध्वस्त केलंत." म्हटलं, तिचं नाव सांगा, मग बोलू. फोन कट. रेंज गेली असावी!

६ जुलै

नारळ घेऊन एकटीच देवळात गेले.

परशुराम म्हणाला, "कसलो नारळ, लीलाबाय? काय गाऱ्हाणा घालू?"

गाऱ्हाणं नको म्हटलं. नुसता ठेव.

त्या दिवशी पाकळी पडली ती डावी. लावल्या लावल्या, माझ्या डोळ्यांसमोर, स्वच्छ डावी. आणि परशुराम तिकडे न बघता म्हणाला होता, "माझो चष्मो घराक रवलो. काय पडला ता तुमीच बगा." चष्मा त्याच्या कपाळावर होता.

आता तोच चष्मा नाकावर आणून त्याने नारळ पाषाणापुढे ठेवला. मी हात जोडले. देवीच्या तोंडी घातलेल्या माझ्या शब्दाचं देणं होतं, तेवढंच दिलं. क्षमा मागितली नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा उजवाच सांगेन, तेही तिला सांगितलं.

परशुरामाने नारळ फोडला, अर्धी वाटी माझ्या हातात दिली.

"घेतल्यान तिना," म्हणाला. "मिटला."