मावशीच्या खाचराची लावणी

आई, तुला वाचता येत नव्हतं. तू असताना लिहिलं असतं, तर हे दुसऱ्या कुणीतरी तुला वाचून दाखवलं असतं, आणि दुसऱ्या कुणी वाचावं असं हे नाही. म्हणून तू गेल्यावर इतक्या वर्षांनी लिहायला बसलो आहे.

मी मुंबईला एम. ए. करत होतो, ते वर्ष. विषय परदेशी व्यापाराचा. ब्रह्मदेशाचा तांदूळ मोकळा येऊ द्यावा की त्यावर जकात बसवावी, यावर प्रबंध लिहायचा होता, आणि उत्तर मला आधीच ठाऊक होतं. एखादा देश दोन्ही जिनसा दुसऱ्यापेक्षा चांगल्या करत असला, तरी ज्यात तो जास्त सरस तेवढंच त्यानं करावं, उरलेलं दुसऱ्यावर सोडावं, म्हणजे दोघांच्याही पदरात जास्त पडतं. हे मला इतकं पटलं होतं, की लोणावळ्याला उतरून वलवणला चालत येताना वाटेत भेटेल त्याला मी ते समजावत असे. तू भाकरी थापता थापता ऐकायचीस आणि म्हणायचीस, गिळ आता.

त्या आषाढात भाताच्या लावणीला सावड होती. पाच-सहा घरच्या बायका, आज आपल्याकडे, उद्या दुसरीकडे. जी आपल्या चिखलात उतरली, तिच्या चिखलात आपण उतरायचं. शेजारची मावशी एकटी, नवरा नाही, मूल नाही, एकच खाचर. लावणीला तिचा हात फार सावकाश. तू ओळ संपवून कंबर सरळ करायचीस, तेव्हा ती निम्म्यावर असे. स्वयंपाकातही तूच पुढे, पण तिथे फरक थोडा. मला माझं पुस्तकच समोर दिसलं. लावणीच्या बायकांचं जेवण रांधायला मावशीला चुलीपाशी बसव, तू चिखलात जा, असं मी म्हणालो. तू नको म्हणत होतीस. मी हट्ट धरला, आणि शिकलेल्या लेकाचं एकदा ऐकावं म्हणून तू ऐकलंस. लावणी उन्हं कलायच्या आत उरकली. बाकीच्या घरांनाही ते सोयीचं वाटलं, आणि मावशी रोज कुणाच्या ना कुणाच्या चुलीपाशीच राहिली. मी बांधावर उभा राहून स्वतःवर खूश होतो.

शेवटी मावशीची पाळी आली, तर तिच्या खाचरात कुणीच गेलं नाही. ती आमच्या चिखलात कुठं उतरली, असं बायकांचं म्हणणं. रीतीनं ते खरंच होतं. तिची रोपं पिवळी पडायला लागली. तू एकटी गेलीस, दोन दिवस तिच्याबरोबर वाकलीस. परत आलीस ती पाय न धुताच माझ्यासमोर उभी राहिलीस.

"दोन घास जास्त आलं, व्हय. पर ते कुनाच्या ताटात पडलं, त्ये तुज्या पुस्तकात लिवलंय का न्हाई? जा, तिला सांग, ही अक्कल माजी व्हती, आयेची न्हवं."

मी गेलो. मावशी अंगणात तांदूळ निवडत बसली होती. तिनं भाजलेल्या शेंगा पुढे केल्या, मुंबईला जेवणाचे हाल होतात का विचारलं. परत आलो, तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. सांगितलं, असं मी म्हणालो.

पुढे तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, व्यापारात लाभ होतो म्हणता, तो कुणाला? मी तुझंच वाक्य इंग्रजीत घालून सांगितलं. ते तुझं आहे, हे नाही सांगितलं. परीक्षक खूश झाले. मला कॉलेजात नोकरी लागली, आणि तेच वाक्य मी दर वर्षी वर्गात सांगतो.

दुसऱ्या आषाढात मावशी आपल्या सावडीला आली नाही. कंबर धरली म्हणाली आणि दुसऱ्यांच्या खाचरात गेली. तुला ते फार लागलं. मला म्हणालीस, "सांगूनबी तिनं मनात ठिवलं. मानूस वळखाया चुकले मी." त्यानंतर तू तिच्या अंगणात पाऊल टाकलं नाहीस. तू गेलीस त्या दिवशी ती आली, पण लांब उभी राहिली, आणि मी तिच्याकडे पाहिलं नाही.

तिला ओळखायला तू चुकली नव्हतीस. त्या दिवशी मी शेंगा खाल्ल्या, मुंबईच्या गप्पा सांगितल्या आणि उठून आलो. मी तिला सांगितलंच नव्हतं, आई.