एकाला दहापट पाणी

आई, तू गेल्यावर तुला मुद्दाम सांगावं असं काही घडलं नव्हतं. ते या उन्हाळ्यात घडलं. सासूबाईंनी मला तुझ्या खताबद्दल विचारलं.

उरवड्याच्या घरी मला बघायला आले होते तो दिवस आठव. सगळ्यांच्या हातात पोहे, आणि सासूबाई परसातल्या दुधीचं तोंड भरून कौतुक करतायत, खत कोणतं घालता म्हणून विचारतायत. शेणखत म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं गं? तू पदर सावरून सांगितलंस, "पोरांचं मूत हाय. धापट पानी घालायचं, न्हाईतर मुळं जळत्यात." मग माझ्याकडे बोट. "हिचंबी हाय त्यात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलाला ठसका लागला, ठसक्यातच तो हसत सुटला आणि लग्न ठरलं. पण सासूबाईंनी तुझी भाजी पुन्हा तोंडात घातली नाही. दर खेपेला तू पिशवी भरून द्यायचीस, त्या गोड हसून घ्यायच्या आणि नांद्याला घरी आल्यावर वॉचमनला देऊन टाकायच्या. तू विचारायचीस, आवडला का गं दुधी त्यास्नी? मी हो म्हणायचे. फार राग यायचा मला त्यांचा. अजून येतो.

आता त्यांचा जीव सासऱ्यांनी लावलेल्या कढीपत्त्यात अडकलाय. झाड पिवळं पडत चाललं होतं. ताक झालं, चहाचा चोथा झाला, नर्सरीतली महागडी पुडीही झाली. शेवटी एके दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं, दार लावलं आणि हळूच म्हणाल्या, "तुझी आई दहापटच म्हणाली होती ना?" इतकी वर्षं बाईंनी आकडा जपून ठेवला होता. मी हो म्हटलं, घरातल्या कुणाचंही चालतं असंही सांगितलं. त्या ताठ झाल्या. "कुणाचंही नको. माझंच घालीन. दुसऱ्याचं मी खाणार नाही."

तेव्हापासून रोज सकाळी निळा मग पदराआड धरून त्या मागच्या दारी जातात. शेजारणीने विचारलं तर औषध म्हणून सांगतात. झाड काय तरारलंय, आई. काल जेवताना त्या आपणहून म्हणाल्या, "तुझ्या आईला कळत होतं हो." मला एकदम भरून आलं. हे ऐकायला तू हवी होतीस.

तेवढ्यात त्यांनी माझ्या ताटात कढीपत्त्याची चटणी वाढली, चांगली डावभर. मी ॲसिडिटीचं निमित्त केलं आणि त्या पाणी आणायला उठल्यावर ती हळूच नवऱ्याच्या ताटात सारली. तुझा दुधी मी मिटक्या मारत खाल्ला गं, पण हे काही माझ्याच्याने झालं नाही.