ओल्या पोत्यातली रोपं

प्रिय मंजुषा,

आजी नावाची एक बाई कामरगावात अजून जिती आहे, हे ध्यानात असेल तर पुढे वाच. नसेल तर तुझ्या आईले विचार. मले अक्षर येत नाही, म्हणून शेजारची संगीता लिहून राह्यली. शिव्या ती गाळते, त्या तू भरून घे.

माझं मस्त आहे. छातीवरची शिवण भरली, पायातली नस काढली तिथं जरा खाजते. डॉक्टरनं वावरात जाऊ नको म्हटलं होतं. काल जाऊन आली. मिरचीची रोपं लावायले आली आहेत.

ती पाहून मागचं साल आठवलं. माझ्या तीन नसा बंद, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करा म्हणे. काळीज बंद असताना अंगात रक्त फिरवते त्या तुझ्या मशीनवर घरच्या माणसासाठी उभं राहायचं नाही, असा तुम्हा मशीनवाल्यांचा रिवाज. पण त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं, तूच उभी राहिली. मग शुद्धीवर आल्यावर मले समजावलं, की काळीज थांबवलं तरच बारीक टाके नीट पडतात, अन् थांबलेलं काळीज मरू नये म्हणून दर वीस मिनिटांनी त्यात थंडगार औषध सोडायचं. गार काळजाले भूक कमी लागते. मी म्हटलं, हे तर तुले सातव्या वर्षीच येत होतं. वाफ्यातून उपटलेली रोपं वावरात लागेपर्यंत ओल्या पोत्यात ठेवायची, अन् पोत्यावर पाणी शिंपडायचं काम तुझंच होतं. सव्वा तास माझं काळीज तुझ्या पोत्यात होतं, मंजू. पुन्हा चाललं. आता कोणाचं ऐकत नाही.

तेव्हा एकदा रोपांची एक जुडी वाळली होती. तू पाणी मारलं होतं, पण तिच्या मुळ्या उपटतानाच तुटल्या होत्या. तू ती मांडीवर घेऊन वावराच्या कडेले धुऱ्यावर रडत बसली, अन् तेवढ्यात बाकीच्या चार जुड्यांचं पोतं सुकलं.

तुझ्या आईनं सगळं सांगितलं. तुझ्या मशीनवर होता तो माणूस दवाखान्यात उशिरा आला, त्याचं अर्धं काळीज रस्त्यातच मेलं होतं, ते ऑपरेशननंतर पुन्हा चाललं नाही. अठरा दिवस झाले, तू दवाखान्यात गेली नाही, अन् आता इकडे येऊन राहतो म्हणते. येऊ नको. मी कडी लावून घेईन. त्याच्यासाठी मीही रडली. पण उद्या कोणाची तरी आजी त्या टेबलावर येईल, तिचं पोतं कोण ओलं ठेवीन?

मशीनवर उभी राहशील त्याच दिवशी संत्रा बर्फी पाठव, अर्धा किलो. गोड बंद आहे हे डॉक्टरले माहीत आहे, तुले माहीत आहे, मले नाही. त्याच्या आधी पाठवली तर डबा न उघडता परत येईल.

तुझीच, पुन्हा चालू झालेली,
धुरपताबाई आजी