बाईंच्या गालावरची पाच बोटं

आये, काल माझ्या बालवाडीच्या दारात एका पोराच्या आईचं मनगट मी धरलं, आणि इतकं करकचून धरलं की तिच्या दोन बांगड्या फुटल्या. तिने पोराच्या मुस्काटात दोन ठेवून दिल्या होत्या, तिसरीला हात वर गेला होता. पोराचा गुन्हा काय, तर खडू डाव्या हातात धरला. ती माझ्यावरच ओरडली, "पोर माझं आहे, मारीन नाहीतर कापीन, तुमचं काय जातं?" मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. आमच्याकडे मुलांवर कुणी हात उचलत नाही, तुम्हीही घरी उचलू नका, असं सगळं शहाण्यासारखं सांगितलं. ती गेल्यावर मी काचा झाडून काढल्या. तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीयेस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुझा तो हात काही मला सोडत नाही बघ.

सड्यावरचा, गावावरच्या त्या कातळाच्या माळावरचा काजूचा कारखाना. अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव साल असेल, मी पाचेक वर्षांची. पत्र्याच्या लांब शेडमध्ये तुम्ही बायका काजू फोडायला बसायच्यात, आणि मधे एक कुडाची भिंत घालून पलीकडे तुमच्या पोरांचं पाळणाघर. तान्ही पोरं झोळीत, आम्ही मोठी गोणपाटावर. आम्हाला सांभाळणारी, शिकवणारी बाई मांडवीहून एसटीने यायची. खरं सांगायचं तर बाई वाईट नव्हती. आमची नाकं पुसायची, नखं कापायची, गाणी म्हणून घ्यायची, पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायची. आणि एका बाबतीत फार कडक. तुमच्यातली कुणीही अंगावर पाजायला आली की आधी राख चोळून, साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच पोराला शिवायचं. काजूच्या टरफलाच्या तेलाची तिला भीती. ते लागतं तेव्हा काही कळत नाही, पण दुसऱ्या दिवशी कातडी काळी पडते, फोड येतात आणि मग सालपटं निघतात. तुझी बोटं तर कायमची काळी होती. मला वाटायचं सगळ्यांच्या आयांची बोटं काळीच असतात.

पण बाईची पट्टी! बडबड केली की बोटांच्या पेरांवर, चड्डी ओली केली की मांडीवर. आणि तक्रार कुणी करायची? पहिल्या दिवशी मला सोडायला आलीस तेव्हा तूच म्हणाली होतीस ना, "हाणा बाई खुशाल. हाडं आमची, मास तुमचं." सगळ्याच म्हणायच्या. म्हणायची रीतच होती ती. बाईने ती खरी मानलीन, तिचं तरी काय चुकलं?

मी जन्माची डावखुरी. बाई म्हणायची, "अगो, तो हात धुवायचा. त्या हातानं सरस्वती काढत्येस? त्या हातानं अन्न खात्येस?" आणि पाटी घेताना, जेवायला बसताना माझ्याच वेणीची रिबीन सोडून डावा हात खिडकीच्या गजाला बांधून ठेवायची. उजव्या हाताने मी 'अ' काढायला जायची, तर तो कावळ्याने पाय ओढल्यासारखा दिसायचा. मग पट्टी. पट्टी बसली की खडू पडायचा, खडू पडला की परत पट्टी. घरी मी काही बोलायची नाही. सांगून वर तुझाही मार कशाला खा?

त्या दिवशी खिचडी होती. बाई पातेल्यातून वाढत वाढत पुढे गेली, आणि रिबिनीची गाठ सुटली. मला भूक लागलेली. माझा हात आपोआप ताटात गेला, डावा. बाईने वळून बघितलीन आणि हातातली पळी, वाफाळती, पातेल्यातून काढलेली, माझ्या बोटांवर दाबलीन. उचललीन नाही लगेच. मी केवढ्याने किंचाळले असेन! पलीकडे काजू फोडायच्या मशिनींची टकटक चालू होती, बायकांच्या गप्पा चालू होत्या, तरी तुला ऐकू गेलं. पंचवीस पोरांत आपलं पोर कसं ओळखू येतं ते मला अजून कळलेलं नाही.

तू आलीस ती कासोटा खोचलेली, केस सुटलेली. माझी बोटं बघितलीस. एकच विचारलंस, "कोणी केलान?" मी बाईकडे बघितलं. बस्स. तुझा हात बाईच्या गालावर असा बसला की झोळीतली पोरं जागी झाली. बाई भिंतीवर आपटली, तू तिचा अंबाडा धरून तिला परत सरळ केलीस. "माज्या पोरीला डाग देतेस? ढोर हाय काय ते?" आणि दुसरी. खिचडीचं पातेलं लवंडलं, पाट्या फुटल्या, पोरं कोपऱ्यात एकमेकांवर चढून रडायला लागली. चार बायकांनी तुला मागे ओढली तेव्हा तुझ्या मुठीत बाईचे केस होते. आणि बाईच्या गोऱ्या गालावर टरफलाच्या तेलाची काळी पाच बोटं. हात धुवायचं तेव्हा कुणाला सुचणार होतं?

मुकादमाने तुला तिथूनच बाहेर काढली. आपण सड्यावरून घरी आलो. तू राख चोळून हात धुतलेस. माझ्या बोटांना खोबरेल लावलंस, फुंकर घातलीस, भात वाढलास. मी घास उचलला, पुन्हा डाव्या हाताने. उजवा तर मला यायचाच नाही. आणि तू मला मारलीस. बाईला मारलीस त्याच हाताने, त्याच जोराने. "तुज्यापायी काम गेला माजा! उजवा! उजवा हात घाल!" मी भातात तोंडावर पडले. मग तू मला पोटाशी धरून, माझ्या तोंडाला लागलेली शितं काढत, हमसून हमसून रडलीस. आये, मला तेव्हा काही कळलंच नाही. आता कळतं असं नाही, पण राग येतो. अजून येतो.

चार-सहा दिवसांनी बाई घरी आली. तू अंगणात लाकडं फोडत होतीस. तिला बघून तू कोयती खाली ठेवली नाहीस. मी दाराआड. बाईने तोंडावरचा पदर काढला. अगो बाय! अर्ध्या गालाची सालं निघालेली, खाली लालभडक, आणि कडेने तुझी बोटं न् बोटं मोजून घ्यावीत अशी. ती म्हणाली, "पोरीला परत पाठव. हुशार आहे. घरी बसवलीस तर फुकट जाईल."

"आनी चटका?"

 बाई गालाला हात न लावता, नुसता तो गालाजवळ नेऊन म्हणाली, "रात्र रात्र झोप नाही मला. पाच वर्षांच्या पोरीला कसं झालं असेल?"

तू माफी मागितली नाहीस. तू आत गेलीस, आंबेहळद उगाळून आणलीस आणि वाटी तिच्या पुढ्यात ठेवलीस. "पानी लावू नका. ह्ये लावा. पोरीला धाडते उद्यापासून. पन परत हात लावलात, तर दुसरा गाल हाय तुमचा."

बाई चक्क हसली, आणि हसताना गाल दुखला म्हणून कळवळली.

दुसऱ्या दिवशी बाईने खडू माझ्या डाव्या हातात दिलान. पट्टी काही गेली नाही, इतरांना बसायचीच. पण माझ्यासमोर पट्टी उचलली की तिचा दुसरा हात गालाकडे जायचा, आणि कितीदा तरी पट्टी तशीच खाली यायची. तुला कारखान्यात परत घेतलं नाही. तू आंब्याच्या कलमांच्या बागेत पेट्या भरायला गेलीस. आणि घरी मला उजव्या हाताने जेवायला शिकवलंस, मारून मारून. लिहिण्याचं तुला काही ठाव नव्हतं, म्हणून लिहिण्यापुरता डावा हात वाचला.

आता मी शिकवायला येणाऱ्या नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते, मारून मूल शिकत नाही, ते फक्त भितं. मनापासून सांगते. मी उजव्या हाताने जेवते तेव्हा अजून खांदे आवळून बसते, घरचे हसतात. कालच्या त्या पोराला आज मी जवळ बसवलं, त्याने डाव्या हाताने फळ्यावर एवढा मोठा सूर्य काढला. हे पत्र कुठे टाकू? तुला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी तू म्हणाली असतीस, काय खुळ्यासारखं लिवतंस.

पण एक सांगते, त्या नव्या मुलींना कधी सांगणार नाही ते. तू मला मारलंस ते मी विसरले नाही, आणि माफही केलेलं नाही. पण बाईच्या गालावर तू ती पहिली ठेवून दिलीस ना, ती मला आवडली होती, आये. अजून आवडते.