एकही फटका न खाता झालेला पराभव

केटलबेंड, विस्कॉन्सिन
ऑगस्ट सरता सरता

तीर्थस्वरूप ऑरव्हिलदाजी यांच्या चरणी धाकटा मेव्हणा मर्ल याचा, टोपी काढून व ती काखेत धरून, सादर प्रणाम.

आपली प्रकृती ठणठणीत असल्याचे लोरेनताईकडून वेळोवेळी समजते व अंतःकरण निवते. टोमॅटोंना यंदा कीड लागली नाही, हेही कळले. आयुष्यभर खेळाडूंच्या बाकावर बसून, सूर्यफुलाच्या बिया चघळत, परक्यांच्या पोरांच्या चुका पाहिल्यावर मनुष्याने उत्तरायुष्यात टोमॅटोकडेच पाहावे, असे माझे प्रांजळ मत आहे. टोमॅटो सहसा चुकत नाही. चुकलाच तर त्याचे सूप होते. बेसबॉलच्या मॅनेजरपदावरून सन्मानाने निवृत्त झालेला गृहस्थ या देशात दुर्मीळ, आणि निवृत्त होऊन निवृत्तच राहिलेला त्याहून दुर्मीळ. आपण त्या विरळा पुरुषांपैकी आहात. आपला मला किती हेवा वाटतो हे शब्दांत सांगणे अशक्य आहे. (तरीही मी अधूनमधून सांगत राहीन.)

इकडील वर्तमान म्हणजे आमच्या केटलबेंड मस्करॅट्स संघाचे वर्तमान. दुसरे मला उरलेले नाही. वर्तमानपत्रात गुणतक्ता येतो, त्याच्या अगदी तळाशी दृष्टी न्यावी. (जागा कमी पडली की तळाची ओळ कापण्याचा प्रघात संपादकांनी पाडला आहे, त्यामुळे कित्येक दिवशी आम्ही हरलो हे आमचे आम्हालाच ठाऊक असते.) मस्करॅट हा पाण्यात राहणारा उंदीर, तो बुडत नाही असे प्राणिशास्त्र सांगते. प्राणिशास्त्राने यंदाचा हंगाम पाहिलेला नाही. जुलैमध्ये आमच्या मालकीणबाई, अर्थात सॉसेजच्या कारखान्याच्या श्रीमती अगाथा पोलिव्का, यांनी मला कचेरीत बोलावून सांगितले, "मर्ल, हरायचं ते हर बाबा. पण लोक हातातलं सॉसेज संपायच्या आत उठून चाललेत, हे मला सोसवत नाही. हंगाम संपला की पुढच्या वर्षीचा मॅनेजर कोण, ते मी बघणार आहे." मी नम्रपणे म्हणालो, "बाई, बघायचं काय त्यात? तो मी." त्यावर त्यांनी सॉसेजला लावायच्या मोहरीच्या चटणीची बाटली माझ्याकडे सरकवली. हा होकार की निरोप, याचा उलगडा अद्याप झालेला नाही. परंतु माझ्या बाजूने निश्चय झालेला आहे. हे पद मी सोडणार नाही. पराभव हा अनुभव आहे, आणि अनुभवी मनुष्याला पदावरून दूर करणे हा उघड अपव्यय होय.

आता या दुर्दैवाची मीमांसा. आमची मुले निष्णात नाहीत असे नव्हे. ती सुसंस्कृत आहेत, आणि तीच मुख्य अडचण आहे. आमचा डावा क्षेत्ररक्षक मिनेसोटाचा व मधला आयोवाचा, म्हणजे दोघेही जात्याच भिडस्त प्रांतांतले. उंच चेंडू दोघांच्या मध्ये येऊ लागला की ज्याला तो झेलायचा त्याने "माझा" असे ओरडावे, हा जगन्मान्य संकेत. आमच्याकडे एक म्हणतो, "घे ना तू." दुसरा म्हणतो, "छे छे, तुझ्याच बाजूला होता." तोवर चेंडू त्या दोघांच्या मध्यभागी भूमीवर पडतो, मग दोघे एकमेकांची क्षमा मागतात, आणि तेवढ्या अवधीत प्रतिपक्षाच्या दोन धावा पूर्ण होतात. यावर उपाय म्हणून मी रोज सकाळी त्या दोघांना मैदानात समोरासमोर उभे करून "माझा, माझा" असे ओरडायला लावतो. (पलीकडच्या रस्त्यावर घटस्फोटाचे काम करणारा एक वकील राहतो. त्याने येऊन विचारले की आपली काही मदत होईल का.) जुलैत नदीवरून चिलटांचे ढग आले, दिवे झाकोळले, मैदान फावड्यांनी साफ करावे लागले, त्या रात्री तरी सामना रद्द होईल या आशेने मी आकाशाकडे पाहत होतो, तो चिलटे नेमकी आमची फलंदाजी संपल्यावर पांगली. अखेर लुथेरन पाद्रीबुवांना आशीर्वादासाठी पाचारण केले. त्यांनी न्यायबुद्धीने दोन्ही संघांसाठी प्रार्थना केली. निम्मी फळाला आली.

परंतु दाजी, जे खरे सांगायचे ते पुढेच आहे. गेल्या गुरुवारी हॅलोरन गावचा संघ आमच्याकडे आला होता. चेंडू फेकायला क्लेटन ओस्टबी हा आमचा साउथ डकोटाचा ताडमाड पिचर उभा राहिला, आणि ईश्वराच्या मनात काय आले कोण जाणे, सामन्याच्या नऊ डावांपैकी पाच झाले तरी हॅलोरनच्या एकाही फलंदाजाला फटका मारून पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, गाठता आला नाही. सहा झाले, नाही. या प्रकाराला इंग्रजीत एक नाव आहे. ते आपण जाणता, मी जाणतो, आणि म्हणूनच मी ते या पत्रातही लिहिणार नाही. असे काही घडत असताना त्या पिचरशी त्याविषयी, किंबहुना कशाविषयीच, बोलू नये; बोलल्यास दृष्ट लागते. त्याच्या शेजारी बसू नये. त्याच्याकडे पाहूदेखील नये, हे आपणच मला मी नवखा असताना शिकवलेत. मी ते व्रत अक्षरशः पाळले. बाकाच्या एका टोकाला क्लेटन, दुसऱ्या टोकाला उरलेला संघ, मध्ये पाण्याची टाकी. प्रेक्षकदेखील चर्चमध्ये बसावे तसे बसले होते. सॉसेज कोणी अर्धवट टाकले नाही. मालकीणबाईंच्या मुखावर मी प्रथमच समाधान पाहिले.

आठव्या डावात फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या आमच्या कॅचरचे बोट सुजले व त्याच्या जागी डेल कुलिक हा राखीव कॅचर आला. कोणता चेंडू टाकायचा ते कॅचर बोटांच्या खुणांनी सांगतो. दुसऱ्या बेसवर शत्रू उभा असला की त्याला ती बोटे दिसतात, म्हणून त्या वेळच्या खुणा निराळ्या असतात आणि त्या पिचर व कॅचर यांनी आपसात ठरवायच्या असतात. डेल माझ्याकडे येऊन कुजबुजला, "साहेब, खुणा ठरवायच्या राहिल्यात. अर्धा मिनिट त्याच्याशी बोलून येऊ?"

मी म्हणालो, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? त्याच्याशी बोलणार?"

"मग त्याला कळणार कसं?"

"कळेल. शहाणा मुलगा आहे."

नववा डाव. दोन्हीकडे धावा शून्य. क्लेटनने एका फलंदाजाला चार वाईट चेंडू टाकले, तेव्हा नियमानुसार तो फुकट पहिल्या बेसवर गेला. पुढच्याने चेंडूला बॅट नुसती टेकवून स्वतःला बाद करून घेत त्याला दुसऱ्यावर पोहोचवले. डेलने खूण केली. क्लेटनने ती आपल्या परीने वाचली. डेल छातीच्या उंचीवर सरळ वेगवान चेंडूची वाट पाहत असता क्लेटनने पायापाशी बुडी मारणारा चेंडू टाकला. तो डेलच्या नडगीवर आपटून, आमच्या बाकाच्या टोकाला पावसाची ताडपत्री गुंडाळून ठेवलेली असते, तिला टेकून स्वस्थ बसला. डेल त्याला मागच्या जाळीपाशी शोधू लागला. क्लेटन धावत येऊन ओरडला, "कुठंय? अरे, चेंडू कुठंय?"

दाजी, चेंडू कुठे आहे हे साऱ्या गावाला दिसत होते. माझ्यापासून तो चार हातांवर होता. परंतु प्रश्न क्लेटनने विचारला होता, आणि क्लेटनशी बोलायचे नव्हते. (डेलशी बोलण्याला बंदी नव्हती, हे मला शुक्रवारी सुचले.) मी हनुवटीने दिशा दाखवली. मुलांनी भुवयांनी दाखवली. मालकीणबाईंनी हातातले सॉसेज ताडपत्रीच्या रोखाने पुढे केले. क्लेटनला वाटले, त्या खायला देत आहेत. तो "नको, थँक्यू" म्हणाला. तिकडे दुसऱ्या बेसवरचा गडी तिसरा ओलांडून होमकडे, म्हणजे जिथे धाव पुरी होते त्या शेवटच्या टप्प्याकडे, निघाला होता. शेवटी हॅलोरनच्याच प्रशिक्षकाला दया आली. "अरे पोरा, त्या ताडपत्रीपाशी बघ की," तो म्हणाला. तोवर धाव पूर्ण झाली होती. उरलेले दोघे क्लेटनने तडकाफडकी बाद केले. मग आमचे तीन फलंदाज अनुक्रमे उंच, आखूड आणि निमूट बाद झाले, आणि एकही फटका न खाता आम्ही हरलो.

नंतर मी कपडे बदलण्याच्या खोलीत गेलो, तो क्लेटन पिशवी भरत होता. म्हणाला, "साहेब, माझी बस किती वाजता आहे?"

"कसली बस?"

"मला काढलंत ना? सहाव्या डावापासून कोणी माझ्याशी बोलत नाहीये. मागच्या संघात असंच झालं होतं. आधी सगळे गप्प झाले, मग बॅग हातात दिली."

"अरे, फलक बघितलास का तू?"

"मी बघत नाही. धडधड होते."

मी त्याला सांगितले की आज तुला एकानेही फटका मारलेला नाही. तो पिशवीवर बसला. "एकानंही नाही?" "एकानंही नाही." "मग हरलो कसे?" या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर माझ्याजवळ होते; परंतु ते मीच होतो, म्हणून मी त्याची पिशवी उपसून त्याचे मोजे पुन्हा कपाटात ठेवू लागलो. त्याला मी सांगितले आहे की पुढल्या एप्रिलमध्ये हंगामाचा पहिला चेंडू तूच टाकायचास, आणि नऊच्या नऊ डाव मी तुझ्याशी बोलत बसणार. हवापाणी, गुरेढोरे, काय हवे ते. शपथ घेतली आहे. हे वचन पुरे करायचे तर एप्रिलमध्ये मी येथे असणे क्रमप्राप्त आहे.

गुरुवारपासून मालकीणबाई माझ्याशी एक शब्दही बोललेल्या नाहीत. बोळात समोरासमोर आलो तर भिंतीवरील जुन्या संघांची छायाचित्रे पाहू लागतात. मी हा शुभशकुन मानतो. एखाद्याच्या हातून काही लोकोत्तर घडण्याच्या बेतात असले की भोवतालची माणसे गप्प होतात, हे तर आत्ताच सिद्ध झाले. (मौनाचे जे दुसरे कारण क्लेटनने सांगितले, ते मी विचारात घेतलेले नाही.) हंगामाचा एक आठवडा शिल्लक आहे. तो मी जिंकणार आहे. न जिंकल्यास पुढचा हंगाम जिंकणार आहे. लोरेनताईला नमस्कार. आपण उन्हात फार हिंडू नये, बसचा प्रवास तर मुळीच करू नये.

आपला कृपाभिलाषी,
मर्ल टोस्ट्रुड
मॅनेजर (विद्यमान)

ता. क. काल ताईने फोनवर सहज सांगितले की श्रीमती पोलिव्का यांनी माझी जागा आपल्याला देऊ केली आहे, आणि आपण "विचार करून कळवतो" असे उत्तर दिले आहे. दाजी, विचार झाला असल्यास नाही म्हणून कळवावे. याकरिताच हे पत्र. बाकीचे आपल्या मनोरंजनार्थ होते.

ता. क. २. हो म्हणून झालेच असेल तर तिसऱ्या बेसजवळ उभा राहून हातवारे करणारा एक प्रशिक्षक आपल्याला लागेलच. बाहेरून माणूस आणू नये. मात्र क्लेटनला दिलेले वचन माझ्या नावावर राहील, ही अट.

ता. क. ३. आपण दोन दिवस आरशासमोर जुनी टोपी घालून उभे असता, हेही ताई बोलून गेली. टोपी खुशाल घालावी. मॅनेजरचे गणवेश मात्र दोनच आहेत. एक हे लिहिताना माझ्या अंगात आहे, आणि दुसरा उशीखाली.