थंड इंजिनावर

६ जानेवारी
आज पुन्हा बंद पडली! सदर बाजारच्या चौकात, भर गर्दीत, मागे मिलिटरीचा ट्रक. फियाट आधी थरथरली, काळा धूर सोडला आणि गप्प. एक शहाणा स्कूटरवरून म्हणतो, "माताजी, अब इसे म्यूझियम में दे दीजिए." मी म्हटलं, आधी डोक्यावर हेल्मेट घाल, मग त्या डोक्यातून सल्ले दे.

श्रीरंग शेजारी बसून होता. ज्याची सगळी नोकरी गाड्यांच्या फॅक्टरीत इंजिनं तपासण्यात गेली, त्याने उतरून बॉनेटसुद्धा उघडलं नाही. बाहेर बघत राहिला. थंडी वाजत असेल.

७ जानेवारी
भोपाळहून प्रणोतीचा फोन. "आई, पापांनी काल मला तीन बार पूछा की मी कुठे राहते. डॉक्टरला दाखव ना, प्लीज."
लेक तिकडे बसून इथलं निदान करते! बहात्तराव्या वर्षी माणूस विसरतोच. मी सांगून टाकलं – या घरात बिघडलाय तो कार्ब्युरेटर. तुझा बाप नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ उगाच कपाट आवरत बसले.

९ जानेवारी
इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यातला अंबादास मेकॅनिक आला. प्लग काढून दाखवले – काजळीने काळेकुट्ट. "दीदी, पेट्रोल जास्त जाऊन राहिलं, हवा कमी." कार्ब्युरेटर धुतला. इंजिन चांगलं गरम होऊ दिलं आणि मग हवा-पेट्रोलच्या मिक्श्चरचा स्क्रू बसवला. गाडी गुणगुणायला लागली. श्रीरंगला बाहेर बोलावलं. तो म्हणाला, छान. एवढंच.

१२ जानेवारी
पुन्हा तेच! या वेळी पुलावर.

१३ जानेवारी
अंबादास पुन्हा. फ्लोट पाहिला, सुई पाहिली, फिल्टर बदलला. म्हणे, बाकी काही नाही, स्क्रूच जास्त उघडलेला आहे. स्वतःहून उघडतो का स्क्रू? मी विचारलं तर मान खाजवतो. मला तर वाटतं हाच मुद्दाम ढिला सोडून जातो, म्हणजे म्हातारी पुन्हा बोलावणार.

तो गेल्यावर मी स्क्रूपासून बाजूच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढली. फिरवला की रेघ तुटणार. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर अशाच खडूच्या खुणांनी पोरींना पकडायच्या. बघू आता कोण सापडतं.

१४ जानेवारी
संक्रांत. श्रीरंगने मला तिळगूळ दिला. थोड्या वेळाने पुन्हा दिला, तसाच हसून. मी दोन्ही खाल्ले.

१५ जानेवारी
रेघ तुटली आहे. अंबादास फिरकलासुद्धा नाही.

१६ जानेवारी
सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. कानटोपी, स्वेटर, हातात स्क्रूड्रायव्हर – श्रीरंग. गाडी सुरू केली, चोक न ओढता. या गारठ्यात ती धडधडणारच. त्याने कान लावला आणि स्क्रू फिरवत राहिला, ती शांत होईपर्यंत.

मी बाहेर गेले. काय करतोयस, विचारलं.
"कोणीतरी रोज बिघडवून ठेवते, विनी. मी आहे म्हणून चालून राहिली ही."
मी म्हटलं, चोक ओढ ना.
त्याने डॅशबोर्डकडे पाहिलं. हात वायपरवर गेला. मग दिव्याच्या बटणावर. मग तसाच हवेत राहिला.

थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतंच. त्यासाठी चोक असतो. त्या वेळी स्क्रू उघडून ठेवला, तर इंजिन तापल्यावर गुदमरणार, हे मला श्रीरंगनेच शिकवलं. थंड इंजिनावर ट्यूनिंग करणाऱ्याला फॅक्टरीच्या गेटच्या आत घेऊ नये, असं हा जेवताना, लग्नात, कुठेही बडबडायचा. आणि आता रोज सकाळी...

गाडीत काहीच बिघाड नव्हता.

त्याचा हात धरला. बर्फासारखा. आत चल म्हटलं, गारठशील.

१७ जानेवारी
प्रणोतीला फोन केला. म्हटलं, अपॉइंटमेंट घे.  

१९ जानेवारी
अंबादासला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "स्क्रू सील करून टाकतो दीदी. मग साहेबांचा हात लागणार नाही." मी नको म्हटलं. काहून, असं त्याच्या तोंडावर आलेलं दिसलं, पण विचारलं नाही.

मग त्याने मला स्क्रू परत जागेवर आणायला शिकवलं. 

२२ जानेवारी
आता रोज दुपारी श्रीरंग झोपला की मी गाडी गरम करते आणि सकाळचं सगळं पुसून टाकते. नखांत ग्रीस! सकाळी तो येतो, कान लावतो, मान हलवतो – काय हे लोक! – आणि कामाला लागतो. त्यानंतर पोटभर जेवतो.

२४ जानेवारी
मी मटार सोलत होते. श्रीरंग फडक्याला हात पुसत दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. "मॅडम, आपकी गाडी ठीक हो गई. चलाकर देख लीजिए." या घरात तो माझ्याशी कधीच हिंदी बोललेला नाही.
मी थँक यू म्हटलं. तो फाटकाकडे निघाला.
"भैया," मी म्हटलं, "चाय पीकर जाइए."
बसला.